मदत हवी आहे: स्किझोफ्रेनिया आणि दृष्टिभ्रम – चाचणी कुठली घ्यावी, मोजावी कशी?

रुपेरी_वाळू
नमस्कार. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या प्रबंधासाठी स्किझोफ्रेनियाचं निदान झालेला एक गट आणि निरोगी एक गट, अशी तुलना करायची आहे. गटात ३० जण, माणशी पाऊण तास. साधनं म्हणजे २४ इंची मॉनिटर, सायकोपाय (पडद्यावर चाचण्या चालवणारं सॉफ्टवेअर) आणि ओपीडीशेजारची एक खोली.

तीन भ्रम घ्यायचा विचार आहे: पोकळ मुखवटा (आतली बाजू समोर असूनही चेहरा बाहेर आलेला दिसतो), एबिंगहाउसची वर्तुळं (तेच वर्तुळ मोठ्या वर्तुळांच्या गराड्यात लहान, लहानांच्या गराड्यात मोठं दिसतं) आणि कॉन्ट्रास्टचा, म्हणजे गडद-उजळातल्या फरकाचा, भ्रम (मधल्या गोलातलं ठिपक्यांचं पोत भोवतीच्या ठळक ठिपक्यांमुळे फिकं वाटतं). तिन्हींची बेरीज करून 'भ्रमाला बळी पडण्याचा' एकच गुणांक काढणार आहे.

अडचण कॉन्ट्रास्टच्या चाचणीत आली. मधल्या गोलाचा कॉन्ट्रास्ट ४० टक्के, भोवताल ९५ टक्के, आणि शेजारी भोवताल नसलेला दुसरा गोल. कोणता ठळक ते सांगायचं, उत्तरागणिक दुसऱ्या गोलाचा कॉन्ट्रास्ट २ टक्क्यांनी वरखाली होतो. सुरुवात ४० पासून, ३० ट्रायल, शेवटच्या १० ची सरासरी. पायलटमध्ये (पूर्वचाचणीत) ६ निरोगी लोक घेतले. चौघांची सरासरी २८ च्या आसपास आली, पण दोघांची ३९-४०. म्हणजे त्यांना भ्रम होतच नाही? की माझं काही चुकतंय?

आडवा_छेद
आधी बेरजेचं. ती करू नका. वेगवेगळे दृष्टिभ्रम एकाच माणसात मोजले की त्यांचा परस्परसंबंध फारच क्षीण निघतो, त्यामुळे बेरजेतून तयार होणारा आकडा कशाचाच नसतो. शिवाय गटात ३० म्हणजे फरक मोठा असेल तरच सापडेल. कोहेनचा डी (दोन गटांतला फरक किती मोठा ते सांगणारं माप) ०.८ असेल तर गटात २६ पुरतात, ०.५ असेल तर ६४ लागतात (फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के, नसताना दिसण्याची ५ टक्के). एकच भ्रम घ्या आणि तो नीट मोजा.

तो कॉन्ट्रास्टचाच घ्या. २००५ मध्ये डेकिन, कार्लिन आणि हेम्सली यांनी दाखवलं की दीर्घकाळ आजारी असलेल्यांना भोवतालाचा हा दाब कमी जाणवतो, म्हणून ते मधला गोल निरोगी लोकांपेक्षा अचूक ओळखतात. सगळी गंमत या 'अचूक' शब्दात आहे. स्मरण म्हणा, वेग म्हणा, एकाग्रता म्हणा, बहुतेक चाचण्यांत रुग्ण मागे पडतात, आणि ते आजारामुळे, औषधामुळे की कंटाळ्यामुळे हे सांगता येत नाही. इथे मात्र रुग्ण सरस ठरतो. कंटाळून कोणी सरस होत नाही, असा हा युक्तिवाद आहे.

तुमच्या मांडणीत मात्र माणूस कंटाळून सरस होतो! ४० पासून सुरुवात केलीत आणि समोरचा नुसतीच बटणं दाबत बसला, तर स्टेअरकेस (उत्तरागणिक वरखाली होणारी ही पायऱ्यांची मालिका) कधी वर, कधी खाली भटकत राहते. २-२ टक्क्यांच्या ३० पावलांत ती सुरुवातीपासून सरासरी ११ टक्क्यांच्या आसपासच हलते, आणि अशा अनेकांची सरासरी काढली तर ती ४० च येते. म्हणजे लक्ष न देणारा माणूस तुमच्या तक्त्यात 'भ्रममुक्त' म्हणून नोंदला जाणार. रुग्णगटात लक्ष उडणारे जास्त असणार, तेव्हा तुम्हाला हवा तो निष्कर्ष फुकटात मिळेल. ही शंका नुसती कागदावरची नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून हीच चाचणी घेतली, तेव्हा लक्ष उडण्याचा हिशेब धरल्यावर फरक बराच आटला.

उपाय असा. दोन स्टेअरकेस एकमेकांत मिसळून चालवा, एक ८ टक्क्यांपासून, दुसरी ४८ पासून. दोन्हींचा मध्य २८, तुमच्या पायलटमधल्या चौघांइतका. लक्ष देणाऱ्याच्या दोन्ही स्टेअरकेस एका जागी येऊन मिळतील. अंदाजपंचे उत्तरं देणाऱ्याच्या बहुधा लांबच राहतील, आणि त्यांची सरासरी काढलीच तरी ती 'भ्रम होतो' या बाजूला पडेल, 'होत नाही' या बाजूला नाही. चूक व्हायचीच असेल तर ती आपल्या गृहीतकाच्या विरोधात जाणारी असावी.

स्टेअरकेसमागे ४० ट्रायल ठेवा. भोवतालाशिवायची फेरी अशीच घ्या, फक्त तिथे सुरुवात २० आणि ६० पासून. त्या फेरीत दोन्ही गटांचं उत्तर ४० च्या जवळ यायलाच हवं. मध्ये २० अगदी सोप्या ट्रायल पेरा (९० विरुद्ध ४०). एकूण १८० ट्रायल, ३-४ सेकंदांनी एक, म्हणजे ९-१२ मिनिटांत संपतं. सोप्यांपैकी किती चुकल्या तर माणूस वगळायचा हे आकडे बघण्याआधी लिहून ठेवा.

काचेआड
मॉनिटरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. गॅमा (करड्याचा आकडा आणि पडद्याचा प्रत्यक्ष उजेड यांतलं वाकडं नातं) सुधारला आहे का? नसेल तर तुमचा ४० टक्के हा ४० टक्के नाही. गॅमा २.२ असलेल्या पडद्यावर ० ते २५५ पैकी १२८ हा 'मधला' करडा कमाल उजेडाच्या फक्त २२ टक्के असतो. खरा अर्धा उजेड १८६ ला मिळतो.

फोटोमीटर (उजेड मोजायचं यंत्र) नसेल तर पडद्यावर एकआड एक काळ्या-पांढऱ्या एक पिक्सेलच्या रेघा काढा आणि मध्ये सपाट करडा चौकोन ठेवा. दोन-तीन मीटरवरून डोळे किलकिले करून पाहा. चौकोन रेघांत विरघळून जाईल तो आकडा म्हणजे अर्धा उजेड. १८६ च्या आसपास आला तर २.२ धरून सुधारणा करा, आणि नंतर तोच चौकोन १२८ ला विरघळतो का ते तपासा. तसं झालं की ४० टक्के कॉन्ट्रास्ट म्हणजे ७७ ते १७९ मधले करडे.

ऑटो ब्राइटनेस, नाइट लाइट, 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' सगळं बंद ठेवा. शेवटचं तर तुमच्या प्रयोगाचा गळाच घोटतं, कारण ठळक भोवताल आला की पडदा आपणहून उजेड बदलतो. खिडकीकडे पाठ करून कोणाला बसवू नका. आणि हनुवटीला टेकण हवंच. ५७ सेंटिमीटरवर पडद्यावरचा १ सेंटिमीटर म्हणजे साधारण १ अंश. माणूस १० सेंटिमीटर पुढे झुकला की सगळं सुमारे २१ टक्क्यांनी मोठं होतं.

रुपेरी_वाळू
खूप आभार. गॅमा सुधारलेला नव्हता. स्टेअरकेस आणि पडदा, दोन्ही बदलते. औषधांचं काय करू? जवळजवळ सगळे रुग्ण औषधावर आहेत. आणि मुखवटा सोडून द्यायला मन होत नाही.

ओपीडी_खोली_४
औषधं बंद करायला सांगायचं नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. प्रत्येकाचा डोस क्लोरप्रोमाझिन या जुन्या औषधाच्या तुलनेत बदलून नोंदवा. सगळ्यांचं लक्ष अँटिसायकॉटिककडे (आजारावरच्या मुख्य औषधाकडे) असतं, पण तुमच्या चाचणीत खरी गडबड करेल ती त्याच्या दुष्परिणामांवर (थरथर, ताठरपणा) सोबत दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी. तिने जवळचं धूसर दिसतं. ५७ सेंटिमीटरवरचे बारीक ठिपके धूसर झाले की त्यांचा कॉन्ट्रास्ट डोळ्यातच घटतो. सहा मीटरचा तक्ता यात पास होतो, म्हणून जवळची नजर, एन ६ ची (जवळच्या वाचनाच्या तक्त्यावरची बारीक) अक्षरं, त्याच अंतरावर वाचून घ्या. जवळचा चष्मा असेल तर तो घालूनच बसवा. पाय सतत हलत असतील, बसवत नसेल, तर दर पाच मिनिटांनी उठू द्या.

लक्षणं पॅन्सवर (लक्षणांची तीव्रता मोजणारी प्रमाणित मोजपट्टी) त्याच आठवड्यात मोजा. मुखवट्याबाबत २०१३ मध्ये कीन, सिल्व्हरस्टीन आणि सहकाऱ्यांना असं दिसलं की भ्रम कमी होणं हे त्या वेळच्या लक्षणांबरोबर बदलतं. महिन्यापूर्वीचा पॅन्स त्यासाठी निरुपयोगी.

सूचनेची भाषा जपा. 'कोणता उजळ?' असं विचारलंत तर लोक प्रकाश मोजतात, कॉन्ट्रास्ट नाही, आणि प्रकाशाच्या भ्रमात दोन गटांत तसा फरक आढळलेला नाही. 'कुठल्या गोलातले ठिपके जास्त ठळक दिसतात?' असं विचारा. आणि संमतीपत्रात 'भ्रम' शब्द नको. रुग्णांनी तो 'भास आणि भ्रम' असा स्वतःच्या लक्षणांसाठी ऐकलेला असतो. 'ठिपके ओळखण्याची चाचणी' पुरे. संमती मात्र पूर्ण आणि मोकळी हवी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं संशोधनाबद्दलचं कलम ९९ एकदा वाचून घ्या.

आडवा_छेद
मुखवटा हौस म्हणून शेवटी ठेवा, पण विश्लेषणात मुख्य निकाल म्हणून नको. २००९ मध्ये डीमा आणि सहकाऱ्यांनी तो एफएमआरआयमध्ये (मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनमध्ये) दाखवला होता, १३ रुग्ण आणि १६ निरोगी लोकांना. निरोगी मेंदूत वरून खाली, दृष्टीच्या भागाकडे जाणारा प्रभाव वाढला, रुग्णांत तसा वाढला नाही. यावरून 'रुग्णांची पूर्वअपेक्षा (आधीच्या अनुभवावरून मेंदू बांधतो तो अंदाज) दुबळी' असं सरसकट लिहू नका. २०१७ मध्ये पॉवर्स, मॅथिस आणि कॉर्लेट यांनी आवाजांवर प्रयोग केला, तेव्हा भास होणाऱ्यांत पूर्वअपेक्षेचं वजन उलट जास्त निघालं. तुमच्या मार्गदर्शकांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

करणारच असाल तर साधा प्लॅस्टिकचा मुखवटा घ्या. आतून एकाच रंगाचा, चकाकी नसलेला. दिवा खालून लावा, म्हणजे आतली सावली वरून उजेड पडलेल्या चेहऱ्यासारखी दिसते. दोन मीटरवरून हळूहळू जवळ आणा आणि 'आता आत गेलेला दिसतो' म्हणतील ते अंतर लिहा. डोकं डावी-उजवीकडे हलवायला लावलंत तर भ्रम होणाऱ्याला चेहरा आपल्यामागे वळताना दिसतो. 'बाहेर' म्हणायची नुसती सवय लागलेल्याला ते सांगता येत नाही. मध्ये खराखुरा उंचवट्याचा मुखवटाही दाखवा, आणि दोन डोळ्यांची खोलीची नजर आधी तपासा.

चहा_कमी_साखर
अवांतर: मला त्या फिरत्या मुखवट्याच्या व्हिडिओत तो पोकळच दिसला. काळजी करू का?

ओपीडी_खोली_४
नाही. झोप न झालेल्यांत आणि गांजा घेतलेल्यांतही हा भ्रम कमी झालेला आढळला आहे. गटांच्या सरासरीतला फरक एका माणसाचं निदान करत नाही.

रुपेरी_वाळू
अपडेट: पायलटमधल्या त्या दोघांची नव्या पद्धतीने पुन्हा चाचणी घेतली. एकाच्या स्टेअरकेस १५ आणि ४४ वर अडकल्या, सोप्या २० पैकी ६ चुकल्या. दुसऱ्याच्या मात्र दोन्ही ३७ ला मिळाल्या, सोपी एकही चुकली नाही, भोवतालाशिवाय बरोबर ४०. या दुसऱ्याला वगळू का?

आडवा_छेद
अजिबात नको. निरोगी माणसांतही इतका फरक असतो, तो तुमच्या आलेखात दिसलाच पाहिजे. पहिल्याला थोडी विश्रांती देऊन एकदा परत बसवा. तेच आलं तर तुमच्या लिहून ठेवलेल्या निकषाने बाद.