नाल्याकडच्या संत्र्याचा ताण

मोठे बाबा: उद्या ताण तोडतो, बहारासाठी बंद ठेवलेलं पाणी सोडतो. पानं पिवळी पडून रायली.

दादा: मोठे बाबा, थांबा. काल नाल्याकडं अर्धा हात खणून पाह्यलं. वर भेगा पडल्या, पण खाली मातीचा गोळा वळते. तिथं ताण बसलाच नाई.

मोठे बाबा: अन् धुऱ्याकडं मुरमाड हाय. तिथं जास्त ताणलं तं झाडं जातीन.

तायडी: म्हणूनच म्हणत होती, दोन्हीकडं ओलीचे सेन्सर गाडू. अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूटभरातच जास्त असतात. दरवेळी खणून पाह्यलं का तीच तुटतात.

काकू: वायरीचं असन तं नको. डुकरानं ठिबकच्या नळ्या फाडल्या, आठवते ना?

तायडी: काकू, वावरभर वायर नाई. मातीत एक पट्टी, वर लहान डबा. डबा झोपूनच रायते, घंट्यानं जागा होऊन एक आकडा पाठवते अन् पुन्हा झोपते. म्हणून सेल महिनोन्‌महिने पुरते. सिमही लागत नाई. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा रेडिओ लहरींचा पट्टा आपल्याकडं बिनापरवान्याचा हाय, आकडे घेणारा डबा गच्चीवर ठेवू.

दादा: हे टिकते का पण?

तायडी: १९९०च्या दशकात अमेरिकेत बर्कलेच्या क्रिस पिस्टर यांनी धुळीच्या कणाएवढ्या सेन्सरची कल्पना मांडली, तिले ‘स्मार्ट डस्ट’ म्हणत. २००२ मध्ये तिथल्या ग्रेट डक बेटावर समुद्रपक्ष्यांच्या बिळात असे बिनतारी सेन्सर ठेवले. माणूस घडीघडी गेला तं पक्षी बीळ सोडतात. सेन्सरमुळं तिथं न जाता बिळातली ऊब कळली. आपल्या मुळाईचंही तसंच हाय.

मोठे बाबा: बेटाचं ठीक. काळी जमीन वाळली का पट्टीपासून सुटन. भेगीत हवा शिरन. मंग तुयं यंत्र ओली माती कोरडी सांगन.

तायडी: हे खरंच हाय मोठे बाबा, हवा शिरली का आकडा खोटाच पडते. पातळ चिखल करून पट्टी बसवू. पहिला महिना आकडा अन् तुमचा हात, दोन्ही जुळवून वहीत लिहू. त्याशिवाय एकट्या आकड्यावर पाणी सोडाचं नाई.

काकू: अन् ते आकडे कोणाकडं जातीन? आपला बगीचा ठोक मागाले येणाऱ्याले आधीच कळलं तं भाव पाडन.

तायडी: आपल्याच घरच्या कम्प्युटरवर ठेवू. बाहेर पाठवणारं घ्यायचंच नाई. बरं झालं काकू, हे मले सुचलं नव्हतं.

मोठे बाबा: बरं. उद्या मुरमाडाच्या चार ओळींलेच पाणी. नाल्याकडं नको. पट्टी तिथंच तिसऱ्या ओळीत गाड, खोडापासून दीड हात दूर. त्याच ओळीत डिंक्या रोगानं दोन झाडं गेली. पाणी जास्त झाल्यानंच गेली, मले माहीत हाय.

दादा: लाइन रात्री १२ ले येते. मी जातो, तुम्ही झोपा.