गेममधली ४५० म्हणजे नुसती जास्त पळणारी २५० आहे का?

माळरान

सहा वर्षं मोटोक्रॉसचे, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत होणाऱ्या मोटरसायकल शर्यतींचे, गेम खेळतोय आणि गेली चार वर्षं पुण्याजवळच्या एका ट्रॅकवर खरी २५० फोर-स्ट्रोक चालवतोय. दोन्हींवर माझा जीव आहे, म्हणूनच हा धागा काढतोय.

बहुतेक गेमनी इंजिनाच्या क्लासचा जिना करून टाकलाय, असं माझं मत आहे. खाली १२५ सीसी, मधे २५०, वर ४५०. करिअर मोडमध्ये आधी २५० मिळते, जिंकत गेलात की बढती म्हणून ४५०. मग गाडी जास्त पळते, उडी लांब जाते, पण बोटं मात्र तेच करत राहतात. खऱ्या मातीत क्लास बदलला की चालवणाऱ्याचं कामच बदलतं.

वजनाचंच बघा. यामाहाच्या वायझेड२५०एफ आणि वायझेड४५०एफमध्ये जेमतेम तीन-चार किलोंचा फरक आहे. तरी मित्राची ४५० पहिल्यांदा घेतली तेव्हा लागोपाठच्या डाव्या-उजव्या वळणात ती माझ्याखाली कलायलाच तयार होईना. पिस्टनचा व्यास ७७ मिमीच्या जागी ९७, त्याला साजेसा क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा, आणि तो भोवऱ्यासारखा फिरतोय. भोवरा सहजासहजी कलत नाही. हे वजन काट्यावर दिसत नाही, मनगटाला कळतं.

दुसरं म्हणजे गॅसची मूठ सोडल्यावर काय होतं. ४५० वर मूठ सोडली की मागचं चाक कुणी धरून ओढावं तसं इंजिन ब्रेक लागतं, पुढचा शॉक खाली बसतो आणि गाडी आपसूक वळणात शिरते. १२५ टू-स्ट्रोकवर मूठ सोडली तर गाडी मोकळी धावत राहते, त्यामुळे ब्रेक वळणाच्या आत शिरेपर्यंत धरून ठेवावा लागतो. म्हणजे एकाच वळणाला दोन गाड्यांवर ब्रेकची जागा वेगळी, बसण्याची जागाही वेगळी. गेममध्ये मी दोन्ही क्लासला त्याच खांबापाशी ब्रेक मारतो आणि निभावून जातं. हे मला खटकतं.

रात्रपाळी

दादा, ठाम असहमत. तुम्ही खऱ्या स्पर्धांचा परवाना घेऊन काढलेल्या कन्सोल गेमवरून सगळ्यांना एका तराजूत तोलताय.

माइलस्टोन कंपनीने एमएक्सजीपी ही मोटोक्रॉसची मालिका २०१४ ते २०२१ काढली आणि सुपरक्रॉसची, म्हणजे स्टेडियममधल्या शर्यतींची, २०१८ पासून येतेय. त्यांचा खेळाडू दिवसभराच्या कामानंतर अर्धा तास सोफ्यावर बसणारा आहे. खरी ४५० त्याच्या हातात दिली तर तो पहिल्या वळणाच्या आत उताणा पडेल. पण एमएक्स सिम्युलेटर किंवा पिबोसोचं एमएक्स बाइक्स हे खऱ्या गाडीच्या जवळ जाणारे गेम घ्या, ऑटो क्लच बंद करा, ऑटो गियर बंद करा, अंगाचा तोल स्वतःच्या हाताने वेगळ्या स्टिकवर सांभाळा आणि मग बोला. २५० वर चुकून तिसऱ्या गियरमध्ये वळणातून बाहेर आलो की गाडी बसते, म्हणजे इंजिनाचा दम जातो. नुसती मूठ पिळून काही होत नाही, क्लच निसटता द्यावा लागतो. त्याच जागी ४५० तिसऱ्यात निवांत ओढत निघते. हा क्लासचा फरक नाही तर काय?

हवेत तर आणखी स्पष्ट दिसतं. उडीत मूठ पिळली की मागचं चाक जोरात फिरतं आणि गाडीचं नाक वर येतं, मागचा ब्रेक दाबला की नाक खाली. या गेममध्ये ते कुठलं बटण दाबल्याचं बक्षीस नसतं, फिरणाऱ्या चाकाच्या हिशेबातून येतं. १९८४ च्या एक्साइटबाइक या गेममध्ये गॅसचं एक साधं बटण, एक टर्बोचं, इंजिन तापू नये ही काळजी आणि हवेत नाक दिशेच्या बटणाने वर-खाली, एवढंच होतं. तिथून आपण इथवर आलोय, याची थोडी तरी कदर करा.

माळरान

हवेतलं मान्य. एमएक्स बाइक्समध्ये नाक पडायला लागल्यावर घाबरून मूठ पिळायची सवय मला ट्रॅकवरही उपयोगी पडली आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. माझा आक्षेप जमिनीवरच्या वागण्याला आहे.

नवखा_नगर

एक शंका. एका गेममध्ये २५० टू-स्ट्रोक घेतली तर मला ४५० वाल्यांच्या रांगेत उभं केलं. २५० ला २५० मध्येच ठेवायला नको का? ही गेमची चूक ना?

पिस्टन_कोल्हापूर

चूक नाही, तो खऱ्या शर्यतींचा इतिहास आहे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. म्हणून नियमांनी फोर-स्ट्रोकला जवळपास दुप्पट सीसी दिली. १२५ टू-स्ट्रोकसमोर २५० फोर-स्ट्रोक, २५० टू-स्ट्रोकसमोर ४५०. १९९७ ला लास वेगासमध्ये डग हेन्रीने यामाहाच्या ४०० सीसी फोर-स्ट्रोकवर सुपरक्रॉसची शर्यत मारली, पुढच्या वर्षी अमेरिकेतला मैदानी, म्हणजे स्टेडियमबाहेरच्या मोटोक्रॉसचा, किताबही घेतला, आणि तिथून वारं फिरलं. क्लासच्या नावातला आकडा म्हणजे सगळं नव्हे भाऊ.

आता मूळ मुद्द्यावर. माझं गॅरेज आहे, आयुष्य आरएक्स १०० आणि शोगनच्या सिलिंडरमध्ये गेलंय. पोराने गेम लावून दिला, त्यात मी १२५ टू-स्ट्रोक चालवली. पॉवरबँड, म्हणजे ताकद येण्याचा आरपीएमचा पट्टा, दाखवलाय, खालच्या आरपीएमला मेलेली आणि वर गेली की सुटते, हे ठीक जमलंय. पण ती सुटते कशी, ते नाही जमलं. खऱ्या गाडीत एक्झॉस्टचा पॉवर व्हॉल्व्ह उघडायला लागतो, पायपातल्या लाटा जुळायला लागतात, तेव्हा आवाज आधी घोगरा होतो, मग एकदम सोलल्यासारखा साफ होतो. क्लचवरच्या बोटाला त्या घोगऱ्या आवाजातच कळतं की आता सोडायचं. गेममध्ये आवाज आणि ओढ एकाच क्षणी येतात, बोटाला आगाऊ सूचना मिळतच नाही.

आणखी एक. ४५० आठ हजार आरपीएमवर सेकंदाला साधारण ६७ स्फोट करते. १२५ अकरा हजारावर १८३. जुने रायडर सांगतात की मोठ्या फोर-स्ट्रोकच्या दोन ठोक्यांमधल्या फटीत टायरला माती धरायला सवड मिळते, म्हणून ती मुरमावर चढते आणि टू-स्ट्रोक नुसती उकरत बसते. गेमला हे ठोके माहीतच नाहीत. त्याला फक्त टॉर्कची, म्हणजे फिरवणाऱ्या जोराची, गुळगुळीत रेघ माहीत आहे.

टॉर्कवक्र

पिस्टनदादा, तुमच्या हातातल्या अनुभवाला नमस्कार, पण ठोक्यांच्या बाबतीत मला पटत नाही. मी चिंचवडला इंजिनांच्या चाचणी विभागात काम करतो. सेकंदाला ६७ झटके चेनपर्यंत जाईस्तोवर क्रँकच्या जडपणाने आणि क्लचच्या रबरांनी बरेच सपाट झालेले असतात. जो फरक तुम्हाला मातीत दिसतो त्याचं मोठं कारण म्हणजे ४५० चं फिरणारं वजन. चाक सुटायला लागलं तरी तिचे आरपीएम हळू चढतात, म्हणून रायडरला मूठ आवरायला वेळ मिळतो. १२५ चे आरपीएम क्षणात वर पळतात. आणि हे गेममध्ये घालायला एक आकडा पुरतो.

खरं तर इंजिन हा अशा गेममधला सगळ्यात सोपा भाग आहे. डायनोवरून, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरून, टॉर्कची रेघ मिळते. ४५० च्या मागच्या चाकाला ५५ च्या आसपास अश्वशक्ती, २५० फोर-स्ट्रोकला ४० च्या आसपास, १२५ टू-स्ट्रोकला ३५ च्या आसपास. क्रँकच्या जडपणाचा एक आकडा, मूठ बंद असतानाच्या विरोधाची आणखी एक रेघ, झालं इंजिन तयार. माळरान म्हणतात तो इंजिन ब्रेकही त्यात आला.

घोडं अडतं मातीपाशी. पाणी मारलेली काळी माती, दुपारी वाळून कडक झालेली तीच माती, वर भुरभुरीत आणि खाली दगडासारखा मुरूम, या प्रत्येकात टायरचे दात वेगळे रुततात. गेममध्ये चाकोऱ्या पडतात, पण चाकोरीची भिंत दाबली जाणं, ढासळणं, ढेकळं होऊन मागे उडणं हे सगळं प्रत्येक चाकासाठी, प्रत्येक क्षणी मोजणं फार जड काम आहे. म्हणून मातीला थोडीफार बदलती पकड देऊन भागवतात. आणि माती सारखीच धरत असेल तर ४५० आणि २५० मध्ये वेगाशिवाय फरक उरणार कुठला? जास्तीची ताकद खऱ्या मैदानात माती सुटल्यावर भोवते. तेव्हा माळरान, तुमची तक्रार खरी आहे, पत्ता चुकलाय. इंजिनाला दोष देऊ नका, जमिनीला द्या.

माळरान

हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. ओल्या सकाळी आमच्या ट्रॅकवर २५० आणि ४५० वाले जवळपास एकाच रेषेने जातात आणि ऊन चढलं की ४५० वाले बाहेरच्या मऊ कडेला सरकतात, हे तुमच्या म्हणण्याशी जुळतं. तरी डावी-उजवी वळणं घेतानाचा तो भोवरा माती कशीही असली तरी जाणवतो. तो आकडा घालायला सोपा आहे म्हणता, तर कलण्याच्या विरोधात तो का लागत नाही?

टॉर्कवक्र

लावला तर खेळणारा म्हणेल की कंट्रोलर अडकतोय. त्याच्या हाताला विरोध जाणवत नाही, फक्त उशीर दिसतो. तुमच्या मनगटाला मिळणारी माहिती त्याला मिळतच नाही.

रात्रपाळी

अगदी हेच. मुद्दा गेमच्या आतल्या गणिताचा नाहीच, बोटाचा आहे. खरी मूठ साधारण पाव फेरा फिरते, माझ्या कंट्रोलरचा ट्रिगर सेंटीमीटरभरही दबत नाही. ४५० वर जे नाजूक पाव-मूठ, अर्धी-मूठ करायचं असतं ते एवढ्याशा अंतरात मावत नाही. मी घरी जुन्या हँडलला पोटेन्शिओमीटर (किती फिरलं ते मोजणारा भाग) लावून मूठ बनवली आणि पहिल्याच रात्री ४५० वरचे माझे लॅप सुधारले, २५० वरचे जवळपास तसेच राहिले. २५० तशीही पूर्ण पिळूनच चालते, तिला नाजूकपणा कमी लागतो. गेममध्ये क्लासचा फरक आधीपासून होता. माझ्या हातापर्यंत तो पोचत नव्हता.

सॅनडिएगोकर

उशिरा येतोय. इथे कॅलिफोर्नियात ग्लेन हेलनला अधूनमधून जातो, मित्राची ४५० आणि माझी स्वतःची जुनी वायझेड१२५ दोन्हींवर. तो ट्रॅक म्हणजे डोंगराच्या अंगावर काढलेला रस्ता, लांब चढ आणि धडकी भरवणारे उतार. १२५ ला सहा गियर आहेत आणि चढावर ते सगळे खाली-वर करावे लागतात. एक गियर चुकला की मागचे चारजण पुढे. ४५० वर तोच चढ तिसऱ्यात एका दमात.

पण तुमच्यापैकी कुणी थकव्याबद्दल बोललं नाही याचं नवल वाटतं. अमेरिकेतल्या सुपरक्रॉसमध्ये मुख्य शर्यत २५० वाल्यांना १५ मिनिटं अधिक एक लॅप, ४५० ला २० मिनिटं अधिक एक. मैदानी शर्यतीत ३० मिनिटं अधिक दोन लॅप, तेही दिवसातून दोनदा. मी ४५० वर दहाव्या मिनिटाला हात भरून येऊन बोटांनी ब्रेक धरू शकत नाही. मग गाडी मला चालवते. १२५ वर वेगळाच थकवा, पाय आणि डोकं दमतं कारण वेग एकदा गेला की परत मिळवायला सगळं अंग लावावं लागतं. गेममध्ये शेवटच्या लॅपला माझा रायडर पहिल्या लॅपइतकाच ताजातवाना असतो. माझ्या लेखी ४५० खोटी वाटण्याचं मुख्य कारण हेच. जी गाडी माणसाला दमवत नाही ती ४५० नाही.

रात्रपाळी

पूर्ण लांबीची शर्यत लावा. तिसाव्या मिनिटाला डोळे आणि अंगठे काय सांगतात ते बघा. आणि रायडरचा थकवा पट्टी दाखवून घातला तर मला तो लबाडी वाटेल. मी स्वतः चुकलो तर चालेल, गेमने माझ्या वतीने चुकू नये.

सॅनडिएगोकर

खऱ्या गाडीवरही दहाव्या मिनिटानंतर माझ्या वतीने माझं शरीरच चुकतं, मी नाही.

कडेची_जागा

मी चालवत नाही, बघते. २८ जानेवारी २०२४ ला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिलीवहिली फेरी पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडा संकुलात झाली, तेव्हा स्टँडमध्ये होते. ८५ सीसीची पोरंपोरी, २५० वाले, ४५० वाले, सगळे एकाच ट्रॅकवर एकाच संध्याकाळी. क्लास म्हणजे काय ते मला त्या दिवशी कानांनी कळलं. थोड्या वेळाने मी डोळे मिटून ऐकायला लागले. २५० वाल्यांचा आवाज उडीच्या तोंडापर्यंत चिरकत राहायचा, सोडणं नाहीच. ४५० वाले त्याच उडीआधी आवाज खाली आणायचे, एक ठोका थांबायचे, मग हलकेच पिळायचे. उडी दोघांची सारखीच लांब.

घरी येऊन भावाचा गेम पाहिला. तो ४५० वर होता आणि ट्रिगर शेवटपर्यंत दाबलेला.

माळरान

ताई, तुम्ही जे ऐकलंत तेच मी धाग्याच्या सुरुवातीला सांगू पाहत होतो आणि मला जमलं नव्हतं.

टॉर्कवक्र यांचं मातीचं म्हणणं मला पटलंय, रात्रपाळीची मूठ मला बनवून हवी आहे, फोटो आणि जोडणी टाकाल का? पण जिन्याबद्दलची माझी तक्रार मागे घेत नाही. गेल्या महिन्यात सतरा वर्षांचा एक मुलगा आमच्या ट्रॅकवर पहिल्यांदा आला. गेममध्ये वर्षभर ४५० चालवलेली, म्हणून भाड्याची २५० त्याला किरकोळ वाटली. टेबलटॉपआधी, म्हणजे माथा सपाट असलेल्या उडीआधी, त्याने सवयीने मूठ आवरली, ४५० वर आवरतात तशी, आणि वरचा गियर टाकला. गाडी बसली, उडी अर्धी पडली, पुढचं चाक टेबलटॉपच्या काठावर आपटलं. मनगटाला प्लास्टर आहे, बाकी ठीक आहे. त्याला भेटायला गेलो तर तो म्हणाला, दादा, मला वाटलं लहान गाडीला कमी पिळायचं असतं.

पिस्टन_कोल्हापूर

प्लास्टर निघालं की त्याला माझ्याकडे पाठवा. आधी आठ दिवस आरएक्सवर अर्धा क्लच शिकवतो, बंद डोळ्यांनी, नुसत्या आवाजावर.