साहेबाच्या काळातल्या वास्तू, सहकुटुंब : तुमचे अनुभव सांगा

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना पुण्याच्या आगाखान पॅलेसला नेलं. हिरवळ दिसल्याबरोबर मुलं पळत सुटली. मागच्या बाजूला कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाध्या आहेत, तिथे आल्यावर थोरलीने विचारलं, हा राजवाडा होता की तुरुंग? सासरे तिथेच टेकले आणि सांगायला लागले. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींबरोबर महादेवभाईंना इथे आणलं आणि आठवडाही झाला नव्हता, १५ तारखेला ते गेले. कस्तुरबा गेल्या २२ फेब्रुवारी १९४४ला. मामंजींच्या तोंडून हे मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

म्हणून हा धागा. इंग्रज असोत की पोर्तुगीज, त्यांच्या काळाशी जोडलेल्या एखाद्या जागी घरच्यांबरोबर गेला असाल तर जरूर लिहा. तिकीट आणि वेळा कुठेही सापडतात. तिथे उभं राहून घरात काय बोलणं झालं, ते वाचायला मला आवडेल.

*

आई-बाबांना घेऊन अंदमानला गेलो होतो. बाबांनी आधीच बजावलं होतं, समुद्र नंतर, पहिल्यांदा सेल्युलर जेल.

१८९६ ते १९०६ असं हे बांधकाम चाललं. मधल्या मनोऱ्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघत होत्या, आता तीनच शिल्लक आहेत. कोठडी एकेकट्याची. शिवाय एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरच्या कैद्याचा चेहरासुद्धा दिसायला नको.

बाबा आयुष्यभर कारखान्यात फिटर होते. बाकी लोक कोलू बघत होते, हे मात्र एका दारापाशी थांबले ते हलेनात. त्या दारांची कडी दारावर नाहीच. लोखंडी दांडा बाजूला भिंतीतल्या खोबणीत जातो आणि कुलूप तिकडे, गजांतून हात घातला तरी पोचणार नाही अशा अंतरावर. बाबांनी आत जाऊन खांद्यापर्यंत हात बाहेर काढून बघितला. बाहेर येऊन खोबणीत बोटं घातली, दांडा हलवून पाहिला. मग म्हणाले, "माणसाच्या हाताचं माप घेऊन केलंय हे. कोणीतरी टेबलाशी बसून ड्रॉइंग काढलं असेल याचं." क्रूरपणा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चाबूक येतो. त्या दिवशी मला तो ड्रॉइंग काढणारा माणूस दिसला.

सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर अगदी टोकाला आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी सकाळी, ऊन चढायच्या आत जावं. आई तेवढं चढली नाही, मनोऱ्यात कैद्यांच्या नावांचे फलक आहेत ते वाचत थांबली. आम्ही परत आलो तर म्हणे, "अरे, बंगालची नावं बघ किती आहेत!" आपल्याकडे अंदमान म्हणजे सावरकर बंधू, एवढंच कानावर पडलेलं असतं. ती यादी शांतपणे वाचायला अर्धा तास ठेवाच.

*

आम्ही मुंबईकर, त्यामुळे लांब कुठे गेलो नाही. एका रविवारी सकाळी सीएसएमटीला गेलो, गाडी पकडायची नव्हती. दुर्बीण मात्र नक्की न्या. समोरच्या फुटपाथवरून बघितलं तर दगडात कोरलेले प्राणी, पक्षी, पानं दिसत राहतात. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ : सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. आराखडा स्टीव्हन्सचा, पण कोरीवकामात जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे हात लागलेत, हे मुलांना आवर्जून सांगा. माझी मुलगी चित्रकलेच्या परीक्षांना बसते, तिने मोराचं स्केच केलं.

*

आम्ही वसईचे ख्रिस्ती. किल्ला आमच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ, तरी मुलांना तो नीट दाखवायचा राहिलाच होता. शाळेतून सहल जाऊन आली आणि धाकटा विचारू लागला, चिमाजी अप्पांनी १७३९ला पोर्तुगीजांना हरवलं, मग आपण हरलेल्यांतले का?

दुसऱ्या दिवशी माझी सासू त्याला घेऊन किल्ल्यात गेली, पाठोपाठ आम्ही सगळे. सेंट जोसेफच्या पडक्या चर्चपाशी तिने त्याला सांगितलं, की आपले पूर्वज इथलेच, याच मातीत शेती करणारे. पोर्तुगीज १५३४ला आले आणि दोनशे वर्षांनी गेले, आपण कुठे गेलो नाही. गोन्सालो गार्सिया, ज्यांना १५९७ साली जपानात नागासाकीला क्रुसावर मारलं आणि पुढे संत म्हणून जाहीर केलं, ते या वसईचे. मग तिने त्याला नागेश्वराच्या देवळाशी नेलं, तेही किल्ल्यातच आहे. सहलीला मुलं आणणाऱ्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती : लढाई जरूर शिकवा, पण ज्या गावात ती झाली त्या गावात आज कोण राहतं हेही सांगा.

*

गोव्याला जाताना बांदा सोडलं की पत्रादेवी लागते. तिथे हुतात्मा स्मारक आहे. बहुतेक गाड्या तशाच पुढे जातात, आमचीही जायची.

माझे आजोबा १९५५च्या सत्याग्रहात होते. हातात शस्त्र नाही, झेंडा घेऊन सरहद्द ओलांडायची. १५ ऑगस्टला पोर्तुगीजांनी या नि:शस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेले शिक्षक कर्नैल सिंग इथेच पडले. आजोबा लाठ्या खाऊन परत आले, त्यांचा डावा खांदा पुढे कायम खाली झुकलेला राहिला. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे. यंदा आम्ही सगळी नातवंडं ठरवून थांबलो. आजी गाडीतून उतरली, तिने बरोबर आणलेला हार घातला, आणि आजोबा त्या वर्षी घरी न सांगता गेले होते हे पहिल्यांदाच आम्हाला सांगितलं. तीन दिवस तिने चूल पेटवली नव्हती.

पुढे आग्वादचा तुरुंगही बघितला, तिथे आता संग्रहालय झालंय. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ला. माझ्या मुलांना वाटत होतं की १९४७ला सगळं एकदम झालं.

*

सप्रेम जय भीम. आमच्या घरी १ जानेवारी म्हणजे कोरेगाव भीमा. १८१८च्या त्या लढाईनंतर स्तंभ उभारला कंपनी सरकारने. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ला तिथे आले, तेव्हापासून तो आमचा झाला. वडील दरवर्षी मानवंदना देतात. त्या दिवशी गर्दीत फलकाजवळ पोचणं कठीण, म्हणून मुलांना आम्ही एरवी, साध्या दिवशी नेलं. त्यावर सैनिकांची नावं आहेत, शेवटी 'नाक' असलेली. वडिलांनी त्यातलं एकेक मोठ्याने वाचलं आणि मुलांकडून म्हणवून घेतलं. इंग्रजांनी पुढे याच लोकांची सैन्यभरती बंद केली, तेही त्यांनी सांगितलं. दोन्ही गोष्टी मुलांना कळायला हव्यात.

*

वरचं सगळं वाचून रत्नागिरीचं लिहायला बसलो. थिबा पॅलेसला लोक येतात, फोटो काढतात, आंबे घेऊन जातात. पण ब्रह्मदेशाच्या राजाला १८८५ला मंडालेहून उचललं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. हा राजवाडा तयार होईपर्यंत १९१० उजाडलं. १९१६ला तो इथेच वारला, मायदेश त्याला पुन्हा दिसला नाही. आणि आपला बहादूरशहा जफर त्याच्याच देशात, रंगूनला कैदेत राहून १८६२ला गेला. माझ्या वडिलांनी ही अदलाबदल ऐकली तेव्हापासून त्यांना रंगूनला जफरच्या मजारीवर जायचं आहे. वय ७४, तब्येत ठणठणीत. कोणी वडीलधाऱ्यांना घेऊन तिथे जाऊन आलं असेल तर कृपया लिहा.