‘टायनी हाऊस’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : निवृत्तीनंतर संगमेश्वराजवळच्या वडिलोपार्जित जागेत दोन माणसांपुरते, जांभ्याचे आणि मातीचे लहानसे घर बांधावे, असे आम्हा उभयतांच्या मनात बरीच वर्षे आहे. एका माहितीपत्रकात अशा घराला ‘शाश्वत लघुगृह’ म्हटलेले वाचले आणि सरकारी गोदामाची पाटी वाचल्यासारखे वाटले. ‘घरकुल’ हा शब्द चालेल का?

उत्तर : ‘घरकुल’ शब्द गोड आहे, पण तो आता मोकळा राहिलेला नाही. गावात ‘आम्ही घरकुल बांधतो आहोत’ असे सांगितलेत, तर समोरचा पहिल्यांदा ‘यादीत नाव कधी लागले?’ असे विचारील, कारण बोलण्यात घरकुल म्हणजे शासकीय योजनेतून मिळालेले घर. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात त्याचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरले आहे. ‘कुटी’त संन्यास डोकावतो आणि ‘खोपट्या’त दैन्य. ‘चंद्रमौळी’ हे विशेषण काही जण हौसेने लावतात, पण ज्याच्या छपरातून चांदणे आत येते, म्हणजे जे गळके आहे, त्या घराला ते लावतात, हे पावसाळ्यापूर्वी लक्षात घेतलेले बरे.

मुळात ‘टायनी’चे भाषांतर विशेषणाने करण्याची गरज नाही, असे माझे मत आहे. अमेरिकेतल्या २०१८ च्या आदर्श निवासी संहितेत पोटमाळा वगळून ४०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला ‘टायनी हाऊस’ म्हटले आहे. मुंबईच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची, तेव्हा लहान कशाला म्हणायचे, हे ऐकणाऱ्यावर अवलंबून. मराठीत घराचा आकार खणांत सांगण्याची रीत होती. दोन तुळयांमधला गाळा म्हणजे खण. ते ठरीव फुटांचे माप नव्हे, पण ‘पाच खणी घर’ म्हटले की ऐकणाऱ्याला घराचा आवाका कळत असे. छपराच्या उतारावरून ‘एकपाखी’, ‘दुपाखी’ म्हणत. तुमचे घर ‘दोन खणी, दुपाखी’ आहे, असे म्हणावे. (‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ हा वाक्प्रचारही अशाच घरातला आहे, पाहुण्याला जेवता जेवता वासे मोजता येतात, ते वर छत ठोकलेले नसते म्हणूनच.)

आणखी एक मत : ‘दोन खणी’ पटले, पण ‘शाश्वत’चे काय? संस्कृतात शाश्वत म्हणजे नित्य, कधीही न संपणारे. ‘शाश्वत विकास’ आता रूढ झाला आहे आणि तो परत फिरवता येणार नाही. घराच्या बाबतीत मात्र हा शब्द नेमका उलटा पडतो. माझ्या आजोळी कारवीच्या काठ्यांचा कूड होता आणि त्यावर शेणमातीचा गिलावा. मिरगाआधी छपर शाकारले जाई, भिंतीचा पोपडा पडला की आजी हाताने नवा गोळा थापी, आणि तिच्या बोटांचे वळ वाळल्यावरही दिसत. ते घर टिकले, पण वर्षाला थोडे थोडे नवे होऊन. त्याला शाश्वत म्हणण्यापेक्षा ‘निभणारे’ म्हणावे; जागा, पाणी, पैसा आणि अंगमेहनत यांत जे निभते, ते. जाता जाता, ‘कूड’ आणि ‘कुडी’ यांची गल्लत करू नये. भिंतीचा कूड ‘कुड्य’वरून आला आणि देहाची कुडी ‘कुटी’वरून.

लातूरकडून : आमच्याकडे माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे घर, तुमच्या मापाने तेही खणांचेच. मातीचे घर म्हणजे आपोआप चांगले घर, अशा अर्थाने ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द वापरलेला दिसला की मी थबकतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यामुळे ‘निभणारे’ या शब्दात भूकंपात निभणारे हेही धरावे, एवढीच विनंती.

मूळ प्रश्नकर्ता : सर्वांचे आभार. काल गवंड्याला ‘दोन खणी, दुपाखी’ एवढेच सांगितले. त्याने नकाशा मागितला नाही. ‘पडवी धरून की सोडून?’ असे विचारले. त्यावर आम्हा दोघांचे अजून एकमत झालेले नाही.