बुएनोस आइरेसमधील पारिशात काय मागवावे?

प्रवासी_नागपूरकर:
कामानिमित्त पुढील महिन्यात बुएनोस आइरेसला जाणे होणार असून पत्नीही सोबत येणार आहे. निखाऱ्यांवर मांस भाजून देणाऱ्या तेथील 'पारिशां'विषयी बरेच ऐकले आहे. मी गोमांस खातो, परंतु आतून लालसर राहिलेला तुकडा माझ्या घशाखाली उतरत नाही. पत्नी तर पूर्ण शाकाहारी आहे. पालेर्मो भागातील नावाजलेल्या डॉन हुलिओमध्येच जावे की एखाद्या साध्या ठिकाणी, आणि मागवावे काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दक्षिणवारी:
डॉन हुलिओ 1999 पासून चालू आहे आणि 2023 मध्ये त्याला 'मिशलिन' या प्रसिद्ध रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचा तारा मिळाला, त्यामुळे बरेच आधी आरक्षण न केल्यास रांगेत ताटकळण्याची तयारी ठेवावी लागते. माझ्या मते मात्र आपल्यासाठी ठिकाणापेक्षा मांसाच्या कापाची निवड अधिक महत्त्वाची आहे. बीफे दे चोरीसो किंवा ओहो दे बीफे हे जाड काप 'हुगोसो', म्हणजे आतून रसाळ, किंवा फार तर 'आ पुन्तो', म्हणजे मध्यम भाजलेलेच चांगले लागतात. ते 'बिएन कोसीदो', म्हणजे पूर्ण शिजवून, मागितले तर वेटर आणून देईल, पण ताटात चिवट आणि कोरडा तुकडा येईल. त्याऐवजी पोटाकडचा वासीओ किंवा बरगड्यांचा आसादो दे तीरा मागवावा. हे काप मंद आचेवर बराच वेळ ठेवले जातात, त्यांतील चरबी वितळून मांसात मुरते, आणि म्हणूनच पूर्ण शिजले तरी ते मऊ राहतात. शक्य झाल्यास भट्टी दिसेल अशा टेबलावर बसावे: आचारी बाजूला पेटवलेल्या लाकडांचे निखारे ओढून जाळीखाली पसरतो, आणि जाळीच्या तिरक्या, पन्हळीसारख्या सळ्यांमधून चरबी पुढच्या खाचेत वाहून जात असल्याने आगीचा भडका उडत नाही.

शाकाहारी_पण_फिरस्ती:
वहिनींसाठी प्रोवोलेता मागवावी, म्हणजे ओरेगानो घालून भाजलेली प्रोवोलोन चीजची जाड चकती. मात्र या चीजमध्ये पुष्कळदा प्राणिज रेनेट, म्हणजे दूध साकळवण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेला पदार्थ, असते, ते चालत नसेल तर आधी विचारून घ्यावे. मक्याच्या सारणाची एम्पानादा, म्हणजे करंजीसारखा पदार्थ, निरुपद्रवी वाटते, परंतु तिच्या पारीच्या पिठात परंपरेने गाईची चरबी घालतात, आणि नेमके हेच कोणी आपणहून सांगत नाही. भाज्याही बहुधा मांसाच्याच जाळीवर भाजतात, म्हणून त्या वेगळ्या तव्यावर करून देण्याची विनंती करावी. कोशिंबिरी आणि भाजलेला भोपळा बहुतेक ठिकाणी मिळतो. तरीही केवळ त्यावर तिचे पोट भरेल असे मला वाटत नाही, तेव्हा संध्याकाळी तिने पिझ्झा खाऊन घेतलेला बरा. तसेही पारिशांमध्ये रात्रीचे जेवण आठच्या आधी मिळणे कठीण आणि स्थानिक मंडळी नऊ-दहाशिवाय फिरकत नाहीत.

दक्षिणवारी:
पिठातील चरबीचा मुद्दा अगदी योग्य आहे. आणखी थोडेसे: एक काप सहज 400 ग्रॅमचा असतो, म्हणून एकट्यासाठी अर्धा भाग मिळतो का ते विचारावे. चिमिचुर्री ही लसूण-पार्सलीची चटणी प्रामुख्याने सुरुवातीला येणाऱ्या चोरीसो नावाच्या सॉसेजबरोबर घेतात. चांगल्या कापाला जाड मिठापलीकडे काही लागत नाही. बिलात 'कुबिएर्तो' नावाची रक्कम दिसल्यास ती पाव आणि टेबलाची असते, बक्षिशी नव्हे. बक्षिशी सुमारे दहा टक्के वेगळी द्यावी, आणि तीही शक्यतो रोख.