मदत हवी आहे: खाडीचं पाणी शिरलेल्या खाचरात यंदा भात लावायचं का?

खारेपाटची लेक

नमस्कार मंडळी. मी नाशकात राहते. सासर घोटीजवळ, माहेर पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या खारेपाटात. प्रश्न माहेरच्या शेतीचा आहे, पण सल्ले बहुतेक इकडच्या माणसांचे मिळतायत आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. म्हणून इथे विचारते.

गेल्या पावसाळ्यात मोठ्या उधाणाला गावाच्या खारबंदिस्तीला, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला, खांड गेली, तो फुटला. भात तेव्हा पोटरीत होतं. एकदा पाणी येऊन गेलं असतं तर निभावलं असतं कदाचित. पण खांड उघडीच राहिली, त्यामुळे भरतीला पाणी आत आणि ओहोटीला बाहेर, असं कित्येक आठवडे चाललं. सरकारी माणसं येऊन फोटो काढून गेली. शेवटी दिवाळीच्या सुमारास गावानेच पेंढ्याचे भारे आणि मातीच्या गोणी टाकून खांड बुजवली. पीक अर्थातच गेलं.

शिमग्याला माहेरी गेले तेव्हा खाचरं बघून आले. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा, आणि भेगांच्या कडांवर पांढरा थर. नखाने खरवडून जिभेला लावला, चक्क मीठ. खाडीकडच्या दोन खाचरांत तर खारफुटीची वीतभर रोपं उभी आहेत.

आता सल्ले ऐका. दीर म्हणतात, इंद्रायणीचं घरचं बियाणं देतो, वास बघा कसा येतो ते. निफाडला ओळखीचे द्राक्षबागायतदार आहेत, त्यांचं म्हणणं जिप्सम टाका, आमची कालव्याखालची चोपण जमीन तशीच सुधारली. औषधाच्या दुकानदाराने ‘क्षार तोडणाऱ्या’ दोन बाटल्या काढून दाखवल्या, किमतीसकट. माहेरचे काका म्हणतात भात सोडा, बांध घालून जिताडा मासा पाळा. आणि आई एकच धोशा लावून बसलीय, राता भात लावा, तुझी आजी लावायची.

वरच्या वितीतली माती आणून नाशकातच तपासली. सामू (पीएच) ७.८, ईसी (मातीतलं मीठ दाखवणारी विद्युतवाहकता) ४.१. प्रयोगशाळेतल्या मुलाने कागदावर ‘द्राक्षासाठी अयोग्य’ असं लिहून दिलं, त्याबद्दल त्याचे आभार.

भावाला नोकरी सांभाळून हे करायचंय, त्यामुळे पैसा आणि रजा दोन्ही बेताचं. यंदा भात लावावं का? लावायचं तर कुठलं, आणि आधी काय करायचं? खारजमीन स्वतः कसलेल्या किंवा मातीचं शिक्षण असलेल्या कोणी सांगितलं तर बरं होईल.

घोटीचा भातवाला

ताई, दिरांना राग येऊ देऊ नका, पण इंद्रायणी तिकडे नेऊ नका. आमच्याकडे डोंगरउताराचं गोडं पाणी, लाल-तांबडी माती, म्हणून ती येते. मिठात रोप आवणीनंतर आठ दिवसांत शेंड्याकडून पांढरं पडेल. बियाणं फुकट मिळालं तरी मजुरी फुकट नसते.

निफाडकर

जिप्समने आमच्या जमिनी खरंच सुधारल्यात, ऐकीव नाही सांगत. ट्रॉलीभर टाकून बघायला काय हरकत आहे?

माती आणि मी

निफाडकर दादा, तुमच्या जमिनीत चाललं ते बरोबरच. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो, सामू साडेआठच्या वर जातो, पाणी मुरत नाही. जिप्सममधलं कॅल्शियम त्या सोडियमला हुसकावतं, म्हणून फरक दिसतो. ताईंच्या मातीचा सामू ७.८ आहे. तिथे आहे ते समुद्राचं मोकळं मीठ, आणि ते पाण्यात विरघळून वाहून जातं. त्याला जिप्सम नको, गोडं पाणी हवं. पेणला पावसाळ्यात ते दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतं, फुकट. सोडियमचं प्रमाण मुद्दाम तपासल्यावर जास्त निघालं तरच जिप्समचा विचार करा. बाटल्यांवर बोलायचीच गरज नाही.

ताई, ४.१ या आकड्याबद्दल एक सावधगिरी. आपल्याकडच्या प्रयोगशाळा बहुधा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी ढवळून ईसी मोजतात. भाताचे तक्ते मात्र संपृक्त मातीच्या (पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीच्या) अर्कावर बेतलेले असतात. त्या मापाने ३ च्या पुढे गेलं की साध्या भाताचं उत्पन्न घटू लागतं आणि ७ च्या आसपास निम्म्यावर येतं. तुमचा ४.१ त्या मापात कितीतरी जास्त भरेल, भारी मातीत तिप्पटसुद्धा. पण घाबरू नका, उन्हाळ्यात वरच्या थरातली माती म्हणजे वर्षातला सगळ्यात वाईट आकडा. खालचं मीठ केशाकर्षणाने वर येऊन साचतं, तेच तुम्ही चाटलंत.

करायचं असं. पहिला पाऊस पडायच्या आत खाचरांचे आतले बांध नीट करा. पाऊस लागला की खाचर भरू द्या, दोन-तीन दिवस पाणी उभं ठेवा आणि ओहोटीच्या वेळी सोडून द्या. पुन्हा भरा, पुन्हा सोडा. हे होईपर्यंत चिखलणी करू नका. चिखल केला की माती मिटते आणि मीठ खाली जायला वाट राहत नाही. लावणीआधी माती परत तपासा, दुसरा आकडा खरा कामाचा.

भात मिठाला दोनदा हळवं असतं, कोवळ्या रोपात आणि फुलोऱ्यात. फुटवे येताना बरंच सोसतं. म्हणून रोपं खारात टाकू नका, घराजवळच्या गोड्या जागेत तयार करा. रोप महिनाभराचं होऊ द्या, एका चुडात (एका जागी लावायच्या रोपांत) नेहमीपेक्षा दोन काड्या जास्त लावा, मर धरूनच. चिखलणीत गिरिपुष्पाचा पाला गाडता आला तर उत्तम. लावल्यावर खाचर सुकू द्यायचं नाही, सुकलं की मीठ वर आलंच.

बियाण्यासाठी पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे वाण तिथलेच, खास खाऱ्या जमिनीसाठी काढलेले. मे महिन्याच्या आत फोन करा, नंतर पिशवी मिळत नाही.

आणि आईंचं ऐका. काळा राता, भुरा राता हे कोकणातले खार सोसणारे जुने वाण आहेत, संशोधकही ते आवर्जून वापरतात. २००९ मध्ये आयला वादळाने सुंदरबनात असंच खारं पाणी भरलं होतं, तेव्हा सुधारित बियाणं उभं राहीना आणि लोक नोना बोकरासारखी जुनी बियाणी शोधत फिरले. ती बऱ्याच गावांतून जवळजवळ गेलेली होती. तमिळनाडूत नागपट्टिणमला २००४ च्या त्सुनामीनंतर शेतं अशीच पांढरी पडली होती, तिथेही पुढच्या पावसांनी मीठ बरंच धुऊन नेलं.

उघाडीवाला, पेण

वरचं सगळं पटलं, पण मूळ गोष्ट राहिली. गोणी टाकून बुजवलेली खांड आषाढाचं उधाण झेलणार आहे का? अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस आणि त्यात वारा, हे गणित धरा. बांध परत गेला तर बियाणं कुठलंही असो, पाण्यात. आणि उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या, झडपा बघा. आमच्याकडे एका फळीत फट होती, तेवढ्यातून भरतीचं पाणी आत येत होतं आणि लोक मातीला दोष देत होते. झडप नीट बसत नसेल तर मीठ धुऊन सोडायचं तरी कुठून?

पूर्वी बांध गावाचा असायचा, माणशी काम वाटलेलं असायचं. आता खारभूमी विभागाकडे अर्ज, मग अंदाजपत्रक, मग निधी. अर्ज कराच, पण सगळ्या खातेदारांच्या सह्यांनी, एकट्याने नको.

खारफुटीची रोपं मात्र भावाला उपटू देऊ नका! २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालाने राज्यात कांदळवन (खारफुटी) तोडायला बंदी आहे, जमीन खासगी असली तरी. ‘माझ्या सातबाऱ्यावर आहे’ हे चालत नाही. तहसीलदाराकडे अर्ज द्या की ही भाताची जमीन आहे, बांध फुटल्याने पाणी शिरलंय. पीकपाहणी आणि जुने फोटो जोडा, वनखात्याच्या कांदळवन कक्षालाही प्रत पाठवा. आमच्याकडे दोन-तीन वर्षं दुर्लक्ष केलेल्या खाचरांचं आज जंगल झालंय. कसता येत नाही आणि विकताही येत नाही.

जिताड्याबद्दल: काकांचं अगदीच चूक नाही, खारेपाटात जिताड्याचे तलाव आहेत आणि भावही मिळतो. पण मधल्या खाचरात खारं पाणी साठवलंत तर शेजाऱ्याचं भात जातं, मग भांडण. केरळात पोक्कालीवाले पावसाळ्यात भात आणि नंतर त्याच शेतात कोळंबी घेतात, पण तिथे शेतांचा अख्खा पट्टा एका वेळापत्रकावर चालतो. एकट्याने करायचा उद्योग नाही तो.

हो, आणि मजूर नसतील तर आमचे म्हातारे रहू करायचे. मीठ धुऊन झालं की चिखलात मोड आलेलं बी फेकायचं, लावणीच नाही. तण जास्त येतं, पण रजा कमी लागते.

खारेपाटची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला उघाडीची एक झडप गेल्या वर्षीपासून अर्धीच बंद होते, हे कुणी मोजलंच नव्हतं! रविवारी गावकीत विषय काढतोय. जिप्सम आणि बाटल्या रद्द. दिरांना इंद्रायणी खायला मागितलीय, लावायला नाही.

सध्याचा बेत असा: गावाकडच्या उंच खाचरांत पनवेल-३, मधल्या दोनांत मिळाला तर राता, आणि खाडीकडच्या दोन खाचरांचं आधी अर्जाचं बघायचं. रहू एखाद्या तुकड्यात करून बघू.

आता दोन गोष्टी हव्यात. राताचं बियाणं पेण, अलिबाग, उरण भागात कोणाच्या कणगीत शिल्लक असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप टाका, पायलीभर मिळालं तरी चालेल, रीतसर पैसे देऊ. आणि उघाडीवाले दादा, पीकविम्याला ठरलेल्या मुदतीत कळवायचं असतं हे घरच्यांना तेव्हा माहीतच नव्हतं. यंदा तसं झालं तर भरतीचं पाणी शिरल्याची नोंद तुमच्याकडे कोणत्या कारणाखाली करतात? फॉर्मवर नेमकं काय लिहायचं ते सांगाल का?