पणजीच्या पानाच्या डब्यातलं पिशाच्च आणि तुटपुंजं बजेट

दिवाभीत: १५ मिनिटांचा भयपट करतोय. पणजीकडून आलेल्या पितळी पानाच्या डब्यातून पिशाच्च सुटतं. जागा एकच, वाड्याचं माजघर. डबा कॅमेऱ्यात नवाकोरा दिसतो आणि फुटेजमध्ये प्रकाशाचे पट्टे सरकतात. पिशाच्चाला मुखवटा द्यावा का?

फोकसवाला: पट्टे एलईडी बल्बचे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्तातला बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर (प्रत्येक फ्रेम उजेड घेते तो वेळ) १/५० सेकंद ठेवा. तरी राहिले तर बल्बच बदला. डिमर (उजेड कमी-जास्त करणारं बटण) तर नकोच.
मुखवटा अजिबात नको. रबर उजेडात आलं की प्रेक्षक हसतात. पिशाच्चाच्या मागे एक दिवा, पुढून काळोख. नुसता आकार पुरतो.

रंगपेटी: डबा चिंचेने घासलाय ना? नक्षीत तपकिरी बूटपॉलिश भरा, पाच मिनिटांनी उंचवटे फडक्याने पुसा. खाचांत गडद राहतं, बाकी झिजल्यासारखं दिसतं. डबा खरोखर घरचा असेल तर आधी तळाशी करून बघा.
रक्त लागेलच: एक कप लिक्विड ग्लुकोज, पाव कप पाणी, दोन चमचे लाल खाद्यरंग, अर्धा चमचा कोको. कोको विसरलात तर सरबत दिसतं. डाग निघत नाहीत, सारख्या दोन साड्या घ्या.

दिवाभीत: झाकण आपोआप उघडायचंय. नायलॉनचा दोरा चमकतो.

फोकसवाला: दोराच नको. उघडं झाकण हाताने, फ्रेमबाहेरून हळू मिटवा आणि क्लिप उलटी चालवा. फक्त त्या शॉटमध्ये डब्यात धूप ठेवू नका, धूर डब्यात परत शिरताना दिसेल. अर्थात, तेच हवं असेल तर गोष्ट वेगळी.